फरशी गार आहे

घरत मॅडमच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. पनवेलच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला ती अरुंद खोली होती. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकलेली असत. मॅडम आल्या तशी बाकं गच्चीवर गेली, खिडकीला काळा कागद लागला आणि एक एसी बसला, जो बारा महिने चालू असे. आत दोन कपाटं, एक सूक्ष्मदर्शक आणि एक स्टूल. दारावर पाटी नव्हती. बाहेर चपला दिसल्या की आत कोणीतरी आहे असं समजायचं.

मी त्याच विभागात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. मी पनवेलचीच, जुन्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. पहिल्याच दिवशी चपला काढता काढता मी म्हटलं, "मॅडम, आमची मशीद झाली, तुमचं देऊळ झालं. हे तिसरं कुठलं?"

त्यांनी मान वर न करता सांगितलं, "इथे काही मागायचं नाही, शमीम. तेवढाच फरक."

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतलं काम सोडून ही बाई आमच्याकडे का आली, हे स्टाफरूमला कळत नव्हतं. स्टाफरूमचा एक स्वभाव असतो, जे कळत नाही त्याचं कारण ती स्वतः ठरवते. कोणी म्हणालं तिकडे भांडण झालं असेल, कोणी म्हणालं लग्न मोडलं असेल. मॅडमनी यातलं काही खोडून काढलं नाही आणि काही सांगितलंही नाही. त्या डबा खायच्या, ताट धुवायच्या आणि वर जायच्या.

त्या वर काय करत, ते सांगते. शरीरातली प्रथिनं म्हणजे लांब साखळ्या. त्या ठरावीक घडीने दुमडल्या तरच काम करतात, घडी चुकली की आजार होतो. ही घडी साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यासाठी प्रथिनाचा स्फटिक करावा लागतो, आणि त्यावर क्ष-किरण टाकले की जे ठिपके उमटतात त्यांवरून आकार काढावा लागतो. स्फटिक करणं हेच सगळ्यात कठीण. काचेच्या एका चकतीवर प्रथिनाचा थेंब, त्यात क्षारांचं द्रावण, चकती उलटी करून झाकायची आणि थांबायचं. पाणी हळूहळू उडतं. नशीब असलं तर महिन्याभराने थेंबात काहीतरी चमकतं, बहुतेक वेळा नुसता गाळ बसतो.

चपला काढायच्या त्या हादरे बसू नयेत म्हणून, असं मॅडम म्हणायच्या. मला ते कधी पटलं नाही. हायवेवरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जायचे आणि आमची सगळी इमारत थरथरायची. मी एकदा म्हटलंही, "त्या ट्रेलरवाल्यांनाही टायर काढायला सांगा."

"त्यांचे टायर माझ्या हातात नाहीत," त्या म्हणाल्या. "तुझ्या चपला आहेत."

सकाळी खोलीत आल्यावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. उंबऱ्याच्या आत दोन्ही पाय टेकवायचे, क्षणभर उभं राहायचं आणि म्हणायचं, "फरशी गार आहे." मग कामाला लागायचं. मे महिना असो, पावसाळा असो, बरोबर कोणी असो नसो. मुली त्यांची नक्कल करायच्या. कॅन्टीनमध्ये पाय टेकवून एकजण म्हणायची, फरशी गार आहे, आणि बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. मॅडमनी एकदा ते पाहिलं आणि चहाचा कप घेऊन शांतपणे पुढे गेल्या.

एका वर्षी तपासणीसाठी बाहेरून समिती आली. प्राचार्य त्यांना घेऊन वर आले आणि मॅडमनी दारातच सांगितलं की बूट बाहेर. सुटाबुटातली मोठी माणसं ती. प्राचार्यांच्या कपाळाला घाम फुटला. एका वयस्कर सदस्यांनी बूट काढले तर मोज्याला भोक, आणि त्यातून अंगठा बाहेर. कोणी हसलं नाही. मॅडमनी मात्र खाली वाकून त्या अंगठ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "सर, गार लागतंय ना?"

"हो, बरंच," ते ओशाळून म्हणाले.

"छान," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना थेंब दाखवायला लागल्या. प्राचार्यांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं की बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं, सर, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठिकाणावर आहे. तेव्हा मी ते नुसतं बाजू घ्यायची म्हणून बोलले होते.

मॅडम उरणकडच्या, चिरनेरच्या पलीकडच्या एका आगरी गावातल्या. वडील मिठागरावर होते. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, ते आटू द्यायचं आणि मीठ बसलं की फळीने ओढायचं. घरची सगळी माणसं अनवाणी त्या खाऱ्या पाण्यात. मॅडम स्वतः दहावीपर्यंत सुट्टीत मीठ ओढायला जायच्या. हे त्या कौतुकाने सांगत नसत. विषय निघाला तर दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं सांगायच्या. एकदा एका मुलीने राहवलं नाही म्हणून चौथ्याच दिवशी चकती उचलून थेंब पाहिला. मॅडम रागावल्या नाहीत. "माझे वडील म्हणायचे, पाणी बसतंय तवर त्याच्याकडं बघू पन नको," एवढंच त्यांनी सांगितलं. बोलताना एरवी त्यांची भाषा आमच्यासारखीच असे, पण वडिलांचं वाक्य आलं की ते वडिलांच्याच बोलीत यायचं.

मिठाचं दुसरं नातं असं की या कामात मीठ हा शत्रू. द्रावणातले क्षार कधीकधी स्वतःच स्फटिक धरतात आणि ते प्रथिनाच्या स्फटिकापेक्षा देखणे दिसतात. भल्याभल्यांना वाटतं, जमलं. ओळखायची रीत सोपी आहे. बारीक सुई घेऊन टोचायचं. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, लगेच चुरा होतो. मीठ कडक असतं, सुईखाली करकरतं. अडचण एवढीच की तो खरा निघाला तर टोचण्यात गेलेला असतो. तरी मॅडमचा नियम कडक होता. आधी टोचा, मग नाचा. मुली रडकुंडीला यायच्या. एकीचा खरा निघाला आणि सुईखाली गेला, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. मॅडमनी तिला सांगितलं की एकदा आला म्हणजे पुन्हा येईल, आणि तिसऱ्या महिन्यात तो आलाही.

त्यांचा दादूस मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या फाटकाशी. नामदेव घरत, मॅडमचा थोरला भाऊ. मिठागर बंदरासाठी गेलं तसा तो ट्रेलर चालवायला लागला होता. रुंद खांद्यांचा, मोठ्याने बोलणारा माणूस. बहिणीला वनी म्हणायचा. येताना रुमालात बांधून सुकी सुरमई आणायचा, त्यातली थोडी मला मिळायची. तो चालताना खाली पायांकडे बघत चालायचा. मला वाटायचं, रस्ता खराब आहे म्हणून बघतो.

एकदा तो दुपारीच आला. ट्रेलर कोन गावाजवळ रस्त्याच्या कडेला लावून, चावी मालकाच्या माणसाकडे देऊन रिक्षाने आला होता. स्टाफरूममध्ये बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वने, आता गारी चालवणार नाय. क्लच दाबलाय का नाय, तेच समजत नाय. खाली बघायला लागतं. खाली बघितलं तं म्होरं कोन बघनार?"

मॅडम म्हणाल्या, "बरं केलंस दादूस."

"बाबाचे पाय पन आसेच झालेले ना?"

"हो."

मी उठून चहा सांगायला गेले.

आजार त्यांच्या घरातच होता. यकृतात एक प्रथिन तयार होतं, चार सारखे तुकडे एकमेकांना धरून असतात. या घरातल्या काही माणसांत त्यात एक लहानसा बदल होता. त्यामुळे चार तुकडे सुटायचे, त्यांचे धागे व्हायचे आणि ते नसांवर साचायचे. सुरुवात तळपायापासून. आधी तळवे बधिर, मग पोटऱ्या, मग हात, मग पोट आणि हृदय. आईबापांतल्या एकात असला तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. वडिलांच्या वेळी हे कोणाला कळलंच नाही, कारण मिठागरावर सगळ्यांचेच तळवे चामड्यासारखे झालेले असत. शिंपला लागला, रक्त आलं, कळलं नाही, तर लोक म्हणायचे आगरावरचे पाय असेच असतात. डॉक्टरही तेच म्हणाला. वडील गेले तेव्हा मॅडम मुंबईच्या त्या संस्थेत प्रथिनांवरच काम करत होत्या, आणि त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते नामदेवच्या पायांवरून. मग त्या पनवेलला आल्या. इथून गाव जवळ होतं, आणि इथे काय करायचं ते विचारणारं वर कोणी नव्हतं.

तेव्हा एकच उपाय होता, यकृत बदलणं. नातलगाने आपल्या यकृताचा तुकडा दिला तर ते होण्यासारखं होतं. मॅडम मुंबईला जाऊन तपासण्या करून आल्या. परत आल्यावर स्टाफरूममध्ये मी विचारलं तर म्हणाल्या, "नाही जमत. रक्तगट जुळत नाही." नामदेवलाही त्यांनी तेच सांगितलं. तो म्हणाला, जाऊं दे, तुझं पोट फारायचं नाय मना. त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघालेला मी ऐकला नाही.

मग मॅडमनी नामदेवच्या रक्तातून ते प्रथिन वेगळं काढायला सुरुवात केली. हेच प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं आणि तसं त्या करतही होत्या. मी म्हटलं, मग रक्ताचा खटाटोप कशाला?

"जिवाणू करतात ते पुस्तकातलं," त्या म्हणाल्या. "हे दादूसचं आहे. याच्यात नेमकं कुठे सैल आहे ते मला बघायचंय. सैल कुठे ते कळलं तर तिथे काहीतरी अडकवता येईल."

एवढी त्यांची आशा होती. आकार कळला म्हणून नामदेव वाचला असता असं नाही. आकार कळल्यापासून औषध होईपर्यंत किती काळ जातो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण हात बांधून बसणं त्यांना जमत नव्हतं. नामदेव जुन्या पनवेलमधल्या लॅबमध्ये येऊन रक्त द्यायचा आणि मला चिडवायचा, "शमीमबाय, तुमी पन द्या थोरं, मिसलून टाकू." रक्तातून निघणारं प्रथिन इतकं थोडं असे की मोजकेच थेंब व्हायचे. सगळ्यांत गाळ बसायचा.

एका सकाळी मॅडम मला वर्गातून बोलवायला आल्या. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. मी चपला काढल्या, डोळा लावला. थेंबाच्या मधोमध एक लांबट, स्वच्छ, धारदार कडांचा स्फटिक होता. मला भरून आलं. मी म्हटलं, "सुई देऊ?"

सुईचा डबा कपाटावरच होता. त्यांनी तो उचलला, उघडला, सुई दिव्यासमोर धरून पाहिली आणि परत ठेवून दिली.

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे."

मीही म्हटलं, राहू दे. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःचा नियम मोडलेला मी तेव्हाच पाहिला.

आम्ही भाड्याच्या गाडीने मुंबईला गेलो. मॅडमनी स्फटिकाचा डबा मांडीवर धरला होता आणि प्रत्येक गतिरोधकाला त्या तो वर उचलायच्या. त्यांच्या जुन्या संस्थेत क्ष-किरणांचं यंत्र होतं. स्फटिक बसवला, दार बंद झालं, आम्ही पडद्यासमोर उभ्या राहिलो. प्रथिन असलं की पडदाभर दाट बारीक ठिपके उमटतात. आमच्या पडद्यावर मोजकेच उमटले, ठळक आणि एकमेकांपासून लांब. यंत्रावरचा मुलगा आमच्याकडे बघायचं टाळत होता. मॅडम म्हणाल्या, "मीठ आहे." मग त्याचे आभार मानले, डबा पुसून पिशवीत ठेवला आणि आम्ही निघालो. परतताना गतिरोधक आले तरी मॅडमनी पिशवी वर उचलली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मला काहीच वाटत नव्हतं, नुसतं कान भरल्यासारखं झालं होतं.

नामदेव तेव्हा सुकापूरला मॅडमच्याच घरी राहायला आला होता. काठी घेऊन दारात उभा होता. "काय झाला?" त्याने विचारलं.

"मीठ निघालं, दादूस."

तो बघतच राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "एवरी शिकलीस, मुंबयला गेलीस, डाक्टर झालीस, न शेवटी मीठच पिकवलंस? बाबा आसता तं नाचला आसता!" मग थांबून म्हणाला, "खायचा हाय का?"

"नाही. दुसरं आहे. खायचं नाही."

"मंग आपलाच बरा व्हता," तो म्हणाला आणि आत जाऊन बसला. मॅडमही हसल्या. मी त्यांना मोकळेपणी हसताना मोजक्याच वेळा पाहिलं, त्यातली ही एक.

त्यानंतर पुन्हा रक्त, पुन्हा थेंब, पुन्हा गाळ. नामदेवच्या हातातून पेला पडायला लागला, मग अन्न पचेना, मग हृदय. तो गेल्यावर मी सुकापूरला गेले तेव्हा मॅडम ओट्याशी उभ्या राहून आलेल्या माणसांसाठी चहा गाळत होत्या. रडल्या नाहीत. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "साखर कमी झालीय का बघ."

कॉलेजात परत आल्यावर त्यांनी दादूसच्या रक्ताचे उरलेले सगळे थेंब बाहेर काढले आणि एकेक टोचला. ज्यात नुसता गाळ होता तेही. मी शेजारी बसून होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "रक्तगट जुळला असता तर..."

"रक्तगट एकच होता आमचा," मॅडम म्हणाल्या. सुई थेंबातच होती. "बी पॉझिटिव्ह. दोघांचाही."

मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी यकृत का दिलं नाही. ज्याच्या यकृतात तेच बिघडलेलं प्रथिन बनतं, त्याचं यकृत घेऊन काय उपयोग. तपासणीत ते त्यांना कळलं होतं आणि त्यांनी भावाला सांगितलं नव्हतं. आणि त्या रोज सकाळी फरशी तपासत नव्हत्या, स्वतःचे पाय तपासत होत्या. चपला काढायला लावायच्या त्यामागेही बहुधा तेच होतं. सगळेच अनवाणी असले की एक बाई अनवाणी का, हे कोण विचारणार. मला रडायला आलं. त्या म्हणाल्या, "रडायचं तर बाहेर जा, थेंब हलतात." मी बाहेर गेले नाही, पण रडायची थांबले.

त्यानंतरची वर्षं तशीच गेली. परदेशात त्या चार तुकड्यांना धरून ठेवणारी गोळी निघाल्याची बातमी आली. मॅडमनी ती वर्गात सविस्तर शिकवली, फळ्यावर चार तुकडे काढले आणि गोळी कुठे बसते ते दाखवलं. मी विचारलं, इथे कधी मिळेल? "येईल," त्या म्हणाल्या. "अजून नाही आली." सकाळचं वाक्य चालूच होतं. मी तेव्हा जिन्यातच रेंगाळायचे आणि ते ऐकू आलं की माझ्या वर्गाकडे जायचे. कोणासाठी दुआ मागावी तसं ते मला रोज लागायचं.

पुढे माझ्या नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली आणि मी राजीनामा दिला. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी भेटायला गेले. दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता. मी त्याच्याशेजारी माझा काढला आणि आत गेले. एसी नवा होता आणि खोली नुसती गारठली होती. तळव्यांतून कळ वर आली, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी राहिले.

मॅडम कपाटाकडून स्टुलाकडे येत होत्या. खाली पायांकडे बघत येत होत्या. स्टुलापाशी आल्या, दोन्ही पाय फरशीवर सपाट टेकवले आणि नेहमीसारख्या क्षणभर उभ्या राहिल्या. या वेळी तो क्षण लांबला. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"शमीम," त्या म्हणाल्या, "आज फरशी गार आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "खूप गार आहे."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

मी बाहेर येऊन चपला घातल्या. पाय पार गारठले होते. जिना उतरून खाली येईपर्यंत ते पुन्हा गरम झाले.